दोन छटाक कमी

टेबल एक, खुर्च्या तीन, पाट दोन. भिंतीवर कॅलेंडर, खुंटीवर कोट आणि काळी टोपी. पेटणारा स्टोव्ह एक. तांब्या-भांडं एक, कोरडं. फडताळात पितळी डबे चार, चारही रिकामे. टेबलावर दोन पारड्यांचा तराजू, त्याच्या बाजूला लोखंडी वजनं दोन, एक शेराचं आणि एक दोन छटाकांचं. आणि पाचवा डबा. त्याच्यावर शेवटच्या रांगेतूनही वाचता येईल अशा अक्षरांत रंगवलेलं होतं: 'साखर, १ शेर'. आत होती चौदा छटाक.

मी सगळं एकदा मोजून घेतलं आणि विंगेत उभ्या असलेल्या दत्तूभाऊंकडे पाहून मान हलवली.

"चौदाच ना?" त्यांनी विचारलं.

"चौदाच. ऑफिसच्या काट्यावर मोजून आणलीय."

"एक दाणा इकडेतिकडे झाला तर अण्णा माझं नाटक बुडवतील."

"दाण्यानं नाही बुडणार. काटा तेवढा संवेदनशील नाहीये, भाऊ."

"काटा नसेल," दत्तूभाऊ म्हणाले. "अण्णा आहेत."

ही गोष्ट सोळा वर्षांपूर्वीची. भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले आणि वजनमापं खात्यात निरीक्षक म्हणून लागले, त्याला जेमतेम तीन महिने झाले होते. बाजारात जायचं, दुकानदारांचे काटे तपासायचे, बरोबर असतील त्यांच्यावर शिक्का मारायचा, हे आमचं काम. आमच्या ऑफिसचं एक हौशी नाट्यमंडळही होतं, 'समतोल' नावाचं. दत्तूभाऊ सुरवाडे ऑफिसात आवक-जावक बघत आणि मंडळात दिग्दर्शन करत. मी लागल्यावर ते माझ्या टेबलाशी आले आणि मला अभिनय येतो का, असं त्यांनी विचारलं. येत नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला. अभिनय करणारी सात माणसं त्यांच्याकडे होती आणि त्यांतलं एकही दुसऱ्याचं ऐकत नव्हतं. त्यांना रंगमंचावरच्या वस्तू सांभाळणारं कुणीतरी हवं होतं, मुख्यतः अण्णांसाठी.

अण्णा म्हणजे प्रल्हाद भारंबे, आमचे सर्वांत ज्येष्ठ निरीक्षक. उंच, पांढऱ्या झुपकेदार मिशांचे, आवाज असा की मागच्या रांगेतली झोपलेली माणसं सावरून बसत. बावीस वर्षं ते 'समतोल'मध्ये कामं करत होते आणि बावीस वर्षांत त्यांना अभिनयाचं पदक एकदाही मिळालं नव्हतं. अभिनय कमी पडत होता असं नाही. त्यांना खोटं वजन सांगता येत नसे. एका नाटकात ते सावकार होते. बाईच्या हातून पाटली घ्यायची आणि 'दहा तोळे' म्हणायचं, एवढंच होतं. त्यांनी पाटली हातात घेतली, तळहातावर दोनदा झेलली आणि प्रेक्षकांकडे बघत म्हणाले, "चार. सव्वाचार धरा." त्या वर्षी पदक दुसऱ्या मंडळाकडे गेलं.

आमच्या जिल्ह्यातल्या त्या स्पर्धेचा नियमच तसा होता. जुनी गाजलेली नाटकं जशीच्या तशी करायची. तिन्ही परीक्षक छापील पुस्तक मांडीवर घेऊन बसत आणि शब्द बदलला की पेन्सिलीनं खूण करत. तीन खुणा झाल्या की त्या नटाचं नाव पदकाच्या यादीतून गेलं. शिवाय नोकरीत असलेल्यांनाच मंडळातून भाग घेता येई, आणि अण्णा येत्या मार्चमध्ये निवृत्त होणार होते. म्हणजे हे शेवटचं वर्ष. अण्णा स्वतः त्याबद्दल एक अक्षर बोलत नसत. पण तालमीला ते सगळ्यांच्या आधी येऊन बसलेले असत आणि त्या पुस्तकाची पानं त्यांच्या हातात मऊ पडली होती.

आणि दत्तूभाऊंनी निवडलेलं नाटक कुठलं, तर 'साखरेचा डबा'. महायुद्ध संपून दोन वर्षं झाली आहेत, पण रेशन संपलेलं नाही. एक कारकून, त्याची बायको, आघाडीवरून परतलेला आणि फारसं न बोलणारा मुलगा, आणि सून. घरातल्या डब्यातली साखर कमी होतेय असा म्हाताऱ्याला संशय येतो. तो वाण्याकडून तराजू आणून टेबलावर मांडून ठेवतो आणि दुसऱ्या अंकाच्या शेवटी सगळ्यांसमोर साखर तोलतो. एका पारड्यात शेराचं वजन, दुसऱ्यात डब्यातली साखर. साखरेचं पारडं वर राहतं. तो त्यात दोन छटाकांचं वजन टाकतो, दांडी सरळ होते, आणि तो सुनेकडे बघून म्हणतो, "दोन छटाक कमी आहे." सून घर सोडते. तिसऱ्या अंकात सासू कबूल करते की साखर तिनंच घेतली, विधवा बहिणीच्या पोरांसाठी. पडदा.

पहिल्या तालमीला डब्यात वाळू होती, अंदाजे भरलेली. अण्णांनी वाळू पारड्यात ओतली, दोन छटाकांचं वजन टाकलं, दांडी तिरपी राहिली. ते थांबले. दत्तूभाऊ म्हणाले की आता वाक्य घ्या. अण्णा म्हणाले, "घेतो. पण कमी साडेतीन आहे."

मग दत्तूभाऊंनी समजावलं, मी समजावलं. सुनेचं काम करणाऱ्या हेमाताई फालक ऑफिसात स्टेनो होत्या आणि फटकळ होत्या. त्या म्हणाल्या, "अण्णा, मी काय खरोखर तुमची सून आहे का? ते चालतं ना? मग साखर पण तशीच समजा की." अण्णांनी त्यावर बराच विचार केला. शेवटी म्हणाले, "नातं लावता येतं, हेमा. वजन लावता येत नाही."

तेव्हापासून ते काम माझ्याकडे आलं. प्रत्येक तालमीआधी डब्यात चौदा छटाक खरी साखर भरायची. खरीच, कारण वाळू ओतल्यावर साखरेसारखी वाजत नाही, हेही अण्णांचंच म्हणणं. शेराचे सोळा छटाक, आणि एक छटाक म्हणजे आजचे अठ्ठावन्न ग्रॅम. जप्त केलेल्या जुन्या वजनांतून शेराचं एक वजन शोधलं, ते झिजलेलं निघालं, अण्णांनी स्वतः त्याच्या बुडाशी शिसं भरून ते पुरं केलं. हे सगळं झाल्यावर त्यांनी ते वाक्य असं म्हटलं की हेमाताईंच्या अंगावर खरोखर काटा आला. त्यांनी दंड पुढे करून तो आम्हाला दाखवला.

हेमाताईंची तक्रार वेगळीच होती. "दोन छटाक कमी आहे" यानंतर सुनेचं एकच वाक्य होतं: "मी घेतली नाही, मामंजी. सगळं तुमच्या डोळ्यांसमोर आहे." त्यांचं म्हणणं, हे वाक्य मेलेलं आहे. काय आहे डोळ्यांसमोर? काहीच नाही. लेखकाला काही सुचलं नसेल तेव्हा त्यानं ते लिहिलं असावं. त्या ते चार तऱ्हांनी म्हणून बघत आणि चारही वेळा तोंड वाकडं करत. पण बदलता येत नव्हतं.

तर स्पर्धेचा दिवस. दुपारी चारचा प्रयोग. नगरपालिकेचं नाट्यगृह जवळजवळ भरलं होतं. मी मांडामांड केली, मोजलं, दत्तूभाऊंना सांगितलं. मग रंगमंचाची पूजा झाली. आमचे मोठे साहेब, ठोसर साहेब, नारळ फोडायला आले होते. कडक इस्त्रीचा सफारी, छातीच्या खिशात दोन पेनं. त्यांना नाटकाची आवड नव्हती, पण खात्याचं नाव आहे म्हणून ते येत, नारळ फोडत आणि पहिल्या घंटेआधी निघून जात. त्या दिवशी त्यांना पुतण्याच्या साखरपुड्याला जायचं होतं. नारळ फुटला, हेमाताईंच्या लुगड्याचा काष्टा सुटला म्हणून मी रंगपटाकडे धावले, परत आले तेव्हा साहेब हात झटकत विंगेतून बाहेर पडत होते. मला म्हणाले, "मांडणी छान आहे. लक्ष ठेवत जा जरा." मी हो म्हणाले. घंटा झाली.

पहिला अंक सुरेख गेला. अण्णांचा आवाज लागला होता. तिन्ही परीक्षक दुसऱ्या रांगेत, मांडीवर पुस्तक, हातात पेन्सिल. मी विंगेतून बघत होते, एकाचीही पेन्सिल हलली नव्हती.

दुसऱ्या अंकाचा शेवट आला. अण्णांनी तराजू उभा केला. शेराचं वजन डाव्या पारड्यात ठेवलं. डबा उचलला आणि साखर उजव्या पारड्यात ओतली. तिचा आवाज अगदी साखरेसारखा आला.

दांडी सरळ झाली.

अण्णांच्या उजव्या हातात दोन छटाकांचं वजन होतं. ते तसंच हवेत राहिलं. त्यांनी डाव्या हाताच्या बोटानं पारडं हलकेच दाबलं आणि सोडलं. दांडी झुलली आणि पुन्हा सरळ उभी राहिली.

माझ्या शेजारी दत्तूभाऊंनी माझा दंड धरला. मला वाटलं की माझी नोकरी गेली, शिवाय पदवीही. मी मनात सकाळची मोजणी पुन्हा केली. चौदा. मी चौदाच भरली होती.

"दोन छटाक कमी आहे," दत्तूभाऊ विंगेतून कुजबुजले. अण्णांना ते ऐकू गेलं, कारण त्यांनी आमच्याकडे बघितलं. कपाळावर रंग ओघळला होता. मला पाटली आठवली. आता हे 'बरोबर आहे' म्हणणार, सून घरातच राहणार, तिसऱ्या अंकाला काही कारणच उरणार नाही, आणि बावीस वर्षांचं जे काही होतं ते इथेच संपणार.

अण्णांनी दोन छटाकांचं वजन साखरेच्या पारड्यात ठेवलं. पारडं खाली गेलं. त्यांनी ते खाली गेलेलं पारडं नीट बघून घेतलं. मग त्यात हात घातला, मूठभर साखर घेतली आणि तोंडात टाकली.

प्रेक्षागृहात कुणीतरी खाकरलं, मग तेही थांबलं. अण्णा चावत होते. साखरेचा करकर आवाज पाचव्या रांगेपर्यंत नक्की गेला असणार. त्यांनी गिळली. दुसरी मूठ घेतली. सासूचं काम करणाऱ्या सुलभाताई तोंड उघडं टाकून उभ्या होत्या, न बोलणारा मुलगा न बोलता उभा होता. शब्द वाढवायचा नाही हे सगळ्यांच्या हाडीमाशी इतकं मुरलं होतं, की कुणाच्या तोंडून साधा हुंकारही निघाला नाही.

तिसरी मूठ. मिशांना साखर लागली होती.

"अण्णांना मधुमेह आहे," मी दत्तूभाऊंना म्हणाले. हे त्यांना सांगायची काही गरज नव्हती. ऑफिसात अण्णांचा चहा वेगळ्या भांड्यात होत असे.

"पडदा टाकू?" दत्तूभाऊंनी विचारलं. पण ते हलले नाहीत, आणि खरं सांगायचं तर मीही हलले नाही. चौथ्या मुठीआधी अण्णांनी तांब्या उचलून भांड्यात उपडा केला. त्यातून काहीच आलं नाही. त्यांनी रिकाम्या तांब्याकडे बघितलं, तो शांतपणे खाली ठेवला आणि पुन्हा पारड्यात हात घातला. आता ते चिमटीनं घेत होते. पारडं हळूहळू वर येत होतं. एक चिमूट, मग एक अर्धी चिमूट. दांडी सरळ झाली.

अण्णांनी हाताच्या मागच्या बाजूनं मिशा पुसल्या, सुनेकडे बघितलं आणि म्हणाले, "दोन छटाक कमी आहे."

हेमाताई क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी बदललं, ते मला विंगेतूनही दिसलं. त्या अगदी हळू म्हणाल्या, "मी घेतली नाही, मामंजी. सगळं तुमच्या डोळ्यांसमोर आहे."

प्रेक्षागृहातून एक लांब उसासा आला, सगळ्यांचा मिळून. परीक्षकांपैकी मधल्या बाईंनी पेन्सिल पुस्तकात ठेवून पुस्तक मिटलं.

मध्यंतरात अण्णांना पाणी पाजलं. अर्धी कळशी संपली. मी डॉक्टरांकडे नेऊ म्हणाले, ते म्हणाले तिसऱ्या अंकात माझी तीनच वाक्यं आहेत. दत्तूभाऊंनी मला बाजूला घेऊन साखर किती होती ते विचारलं. मी चौदा म्हटलं. "मग दांडी सरळ कशी झाली, नेहेते?" ते म्हणाले. मला 'उज्ज्वला' न म्हणता आडनावानं हाक मारायची त्यांची ती पहिली वेळ होती.

तिसरा अंक पुस्तकात होता तसाच झाला, एकही शब्द न बदलता. सुलभाताईंनी कबुली दिली: "साखर मी घेतली. तिला बोलावून आणा." पण आता ती कबुली कुणी तशी ऐकेना. कोपऱ्यात म्हातारा खुर्चीत बसून मिशांवरून हात फिरवत होता, आणि त्याची बायको त्याची चोरी स्वतःच्या अंगावर घेत होती. पुढच्या रांगेतल्या एक आजी मोठ्यानं म्हणाल्या, "बघ, झाकतेय त्याला." पडदा पडल्यावर टाळ्या थांबेनात. अण्णा मात्र खुर्चीतून उठले नाहीत, त्यांना उठवावं लागलं.

रिक्षातून मी आणि हेमाताई त्यांना जवळच्या दवाखान्यात घेऊन गेलो. नर्सनं बोटाला सुई टोचली, मशीनकडे बघितलं आणि आमच्याकडे रागानं पाहत म्हणाली, "चारशे बारा. काय दिलंत काय यांना खायला?"

अण्णांनी डोळे उघडले. "हे मशीन शेवटचं कधी तपासलंय?" त्यांनी विचारलं.

"अण्णा, गप्प पडा," हेमाताई म्हणाल्या. मग त्या बाहेरच्या बाकावर येऊन बसल्या, अजून नऊवारीतच, आणि रडतायत की हसतायत ते कळेना.

निकाल त्याच संध्याकाळी लागला. आम्ही दवाखान्यात होतो, म्हणून अण्णांचं पदक दत्तूभाऊंनी घेतलं. ते दुसऱ्या दिवशी सकाळी आले तेव्हा रात्रभर झोपले नसावेत असं दिसत होतं. त्यांनी परीक्षक बाईंचं भाषण आम्हाला जसंच्या तसं म्हणून दाखवलं. पुस्तकातला एकही शब्द न बदलता दिग्दर्शकानं आरोप करणाराच चोर ठरवला, घरातली सत्ता कुणाच्या हातात असते ते एका मुठीत दाखवलं, पन्नास वर्षं हे नाटक आपण चुकीचं वाचत होतो, वगैरे.

"मग तुम्ही काय सांगितलंत?" मी विचारलं.

"मी म्हणालो, प्रयत्न केला," दत्तूभाऊ म्हणाले.

अण्णा उशीला टेकून बसले होते. सलाईन चालू होतं, साखर दोनशेच्या खाली आली होती. मी त्यांना विचारलं की नुसतं वाक्य म्हणून का टाकलं नाही. दांडी कशी आहे ते प्रेक्षकांना काय दिसणार होतं?

"वाक्य बदललं असतं तर पदक गेलं असतं," ते म्हणाले. "वजन खोटं सांगितलं असतं तर मग मी उरलो कुठे? साखर तेवढी कमी करता येण्यासारखी होती."

"मी चौदाच भरली होती, अण्णा."

"ते मला ठाऊक आहे. तू चुकली असतीस तर एखाद्या चिमटीनं चुकली असतीस. बरोबर दोन छटाक कुणी चुकून टाकत नाही. हे जाणत्या माणसाचं काम आहे."

तेवढ्यात ठोसर साहेब आले. हातात सफरचंदांची पिशवी. त्यांनी अण्णांचं अभिनंदन केलं, काल थांबता आलं नाही म्हणून वाईट वाटल्याचं सांगितलं, साखरपुडा चांगला झाला हेही सांगितलं. आणि मग माझ्याकडे वळून जरा गंभीरपणे म्हणाले, "नेहेते, तुम्ही नवीन आहात म्हणून सांगतो. डब्यावर एक शेर लिहिलेलं, आणि आत चौदाच छटाक. मी सहज तोलून बघितलं म्हणून बरं. वजनमापं खात्याचं नाटक, आणि डबा कमी भरलेला. कुणाच्या लक्षात आलं असतं तर आपलं काय राहिलं असतं? चहाच्या सामानातली साखर घालून पुरा करून ठेवला मी."

दत्तूभाऊ खिडकीकडे गेले आणि बाहेर बघत उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते.

"फार चांगलं केलंत, साहेब," अण्णा म्हणाले. "मलाही तो डबा पहिल्यापासून खटकत होता."

साहेबांचं समाधान झालं. ते अण्णांच्या पायाशी बसले आणि सफरचंद कापायला त्यांनी सुरी मागितली. अण्णांनी उशाची मखमली डबी उघडली आणि पदक बाहेर काढलं. बावीस वर्षांनी मिळालेलं, मधोमध मुखवटा कोरलेलं. ते त्यांनी आधी डोळ्यांजवळ नेलं, मग छातीशी धरलं. मग तळहातावर ठेवून एकदा हलकेच झेललं. पुन्हा झेललं. डबीच्या झाकणाच्या आतली छापील अक्षरं वाचली: शुद्ध चांदी, ४० ग्रॅम.

त्यांनी पदक डबीत ठेवलं, डबी बंद केली आणि माझ्या हातात दिली.

"उज्ज्वला," ते म्हणाले, "ऑफिसला जातेस ना आता?"

मी साडेदहाला ऑफिसात पोहोचले. काट्याच्या काचेच्या पेटीचं दार उघडलं, पारडी मऊ कापडानं पुसली, काटा शून्यावर आणला आणि पदक पारड्यात ठेवून दार बंद केलं.

एकतीस ग्रॅम, दोनशे मिलिग्रॅम.